डायनासोर आधीच संपत आले होते का? जीवाश्मांचा पुरावा स्वतः तपासायचा कसा

दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी फिरते की डायनासोर उल्का पडायच्या आधीच ऱ्हासाला लागलेले होते, मग काही आठवड्यांनी दुसरी येते की नाही हो ते मजेत होते, आणि मध्येच तिसरी येते की सस्तन प्राणी बिळात लपून बसलेले होते आणि डायनासोर गेल्यावर बाहेर पडले. तिन्ही बातम्यांमागे खरे जीवाश्म असतात, खरे संशोधक असतात, मग विश्वास कशावर ठेवायचा? मला वाटतं हे शिकता येण्यासारखं आहे, जिऑलॉजीची डिग्री लागत नाही. बातमी किंवा पेपर समोर आला की कोणत्या क्रमाने काय विचारायचं ते इथे लिहितोय. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, आधी खडक आणि काळ बघा, हाडं नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच, पक्षी हे डायनासोरच आहेत, त्यामुळे खाली जिथे जिथे डायनासोर म्हणतोय तिथे पक्षी सोडून बाकीचे असं समजा.

आधी रेघ कुठाय ते शोधा

क्रेटेशियस काळ संपतो आणि पॅलिओसीन सुरू होतो ती सीमा म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची रेघ. ही नुसती पुस्तकातली रेघ नाही, बऱ्याच ठिकाणी खडकात ती बोट ठेवून दाखवता येते. इटलीत गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये सेंटीमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर आहे, त्यात इरिडियम हा धातू (जमिनीवर दुर्मिळ, लघुग्रहांत भरपूर) नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त निघाला, आणि त्यावरून लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत १९८० साली मांडलं की मोठा लघुग्रह आदळला असणार. पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानच्या चिक्शुलूब विवराची ओळख पटली, व्यास साधारण १८० ते २०० किलोमीटर.

आता तुमच्या कामाचा भाग. कुठलाही दावा वाचताना पहिला प्रश्न हाच की हा जीवाश्म रेघेच्या किती खाली किंवा किती वर मिळाला (खालचा थर जुना, वरचा नवा), आणि तिथे रेघ ओळखली कशावरून. इरिडियम सापडलं का, आघाताने आतून रेघाळलेले क्वार्ट्झचे कण सापडले का, काचेचे बारीक गोळे सापडले का, की नुसतं "कोळशाचा पहिला थर म्हणजे सीमा" असं धरलंय? अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हेल क्रीक भागात बरीच वर्षं कोळशाच्या थरावरून अंदाज घ्यायचे, तो जवळपास बरोबर असतो पण जवळपासच, आणि आपल्याला जो वाद सोडवायचाय त्यात दोन-तीन मीटरनेसुद्धा निकाल फिरतो. इरिडियम मिळत नसेल तर परागकण बघतात, रेघेच्या खाली फुलझाडांचे नाना प्रकारचे परागकण आणि रेघेच्या लगेच वर बघावं तर नेच्यांचे (फर्नचे) बीजाणूच बीजाणू, कारण जळलेल्या उजाड जमिनीवर नेचे सगळ्यात आधी उगवतात. हा नेच्यांचा उसळता थर उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी मिळालाय.

रेघेचा पत्ताच दिलेला नसेल तर तो दावा बाजूला ठेवा, खोटा म्हणून नाही, अपुरा म्हणून.

शेवटचं हाड म्हणजे शेवटचा प्राणी नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि काही काळ शास्त्रज्ञही याच मुद्द्यावर अडकलेले होते, म्हणून इथे जरा थांबू या.

हाड दगड व्हायला नशीब लागतं, त्यात तो दगड आज उघड्यावर असायला हवा, त्यात कोणीतरी तिथून चालत जायला हवं. त्यामुळे एखाद्या जातीचं आपल्याला मिळालेलं सगळ्यात वरचं हाड हे त्या जातीच्या खऱ्या शेवटाच्या जवळजवळ नेहमीच खाली असणार. घरातल्या अल्बममध्ये आजोबांचा शेवटचा फोटो २०१२ चा आहे म्हणून आजोबा २०१२ ला गेले असं कोणी म्हणत नाही, तसंच. जी जात दुर्मिळ तिचा शेवटचा जीवाश्म रेघेपासून तेवढा लांब. मग होतं काय की शंभर जाती एकाच दिवशी मेल्या तरी खडकात त्या एकेक करून हळूहळू गळाल्यासारख्या दिसतात. फिलिप सिग्नर आणि जेरी लिप्स यांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून याला सिग्नर-लिप्स परिणाम म्हणतात. हे नाव पाठ करून ठेवा, ऱ्हासाच्या प्रत्येक बातमीत उपयोगी पडेल.

याचं खरंखुरं उदाहरण हेल क्रीकमध्येच आहे. तिथे रेघेच्या खालच्या तीन मीटरमध्ये डायनासोरची हाडं फारच कमी मिळत, आणि त्यावरून लोक म्हणायचे की बघा, उल्का पडायच्या आधीच ते गेलेले. मग २०११ मध्ये टायलर लायसन आणि सहकाऱ्यांनी ट्रायसेराटॉप्सच्या गटातल्या प्राण्याचं शिंग जाहीर केलं, रेघेच्या फक्त १३ सेंटीमीटर खाली. एका शिंगाने सगळा वाद मिटत नाही, पण ती तीन मीटरची पोकळी म्हणजे "डायनासोर नव्हते" याचा पुरावा हे म्हणणं तिथे कोसळलं. समुद्रातल्या अमोनाइट्सचंही (शंखात राहणारे, आता नामशेष झालेले जीव) असंच झालं, स्पेनमध्ये झुमाया इथे ते रेघेच्या बरंच खाली संपल्यासारखे वाटले, नंतर पीटर वॉर्ड यांनी जवळच्या फ्रान्समधल्या किनाऱ्यावर शोध घेतला तेव्हा ते थेट रेघेपर्यंत निघाले.

याच्या उलटाही सापळा आहे. कधीकधी रेघेच्या वर डायनासोरचे दात मिळतात आणि "डायनासोर उल्केनंतरही जगले" अशी हेडलाइन होते. मोंटानात बग क्रीकला नदीच्या जुन्या पात्रातल्या वाळूत डायनासोरचे दात आणि पॅलिओसीन वळणाचे सस्तन प्राणी एकत्र मिळाले. पण नदी आपलं पात्र खालच्या जुन्या थरात खोदते, त्यातले कडक दात उचलते आणि नव्या वाळूत टाकते. म्हणून विचारायचं, जीवाश्म पात्रातल्या वाळूत होता की पुराच्या शांत गाळात? सुटा दात आहे की सांध्यांसकट जोडलेला सांगाडा? कडा झिजलेल्या आहेत का? सांगाडा जोडलेला असेल तर तो वाहून आलेला नाही हे जवळपास नक्की, आणि रेघेच्या वर असा जोडलेला डायनासोर मिळाल्याचं आजवर मान्य झालेलं नाही.

स्वतः मोजून बघा

हा भाग लॅपटॉपवर करायचा. पॅलिओबायोलॉजी डेटाबेस नावाचा फुकट आणि सगळ्यांना खुला डेटाबेस आहे, जगभरातल्या छापील पेपरांमधल्या जीवाश्मांच्या नोंदी त्यात भरलेल्या असतात. त्याच्या नॅव्हिगेटरमध्ये नकाशा येतो, खाली काळाची पट्टी असते, पट्टीवर एखाद्या काळावर क्लिक केलं की त्या काळातले जीवाश्म नकाशावर ठिपके होऊन दिसतात. गटाच्या चौकटीत इंग्रजीत डायनासोरिया (Dinosauria) टाका. इथे लगेच लक्षात घ्या की डेटाबेस पक्ष्यांनाही डायनासोरच धरतो, त्यामुळे रेघेनंतरच्या काळातही ढिगाने ठिपके येतील आणि माणूस गोंधळून जातो. डेटा डाउनलोड करताना डायनासोरिया लिहून पुढे टोपीची खूण, कीबोर्डवर ६ च्या आकड्यावर असते ती, आणि मग एव्हीज (Aves, म्हणजे पक्षी) असं लागून लिहिलं की पक्षी वगळले जातात.

आता कँपेनियन आणि मास्ट्रिक्टियन हे क्रेटेशियसचे शेवटचे दोन टप्पे काढा आणि आपापसात तुलना करा. कँपेनियनमध्ये जाती जास्त दिसतील, मास्ट्रिक्टियनमध्ये कमी, आणि पहिल्या नजरेला वाटेल ऱ्हास सिद्ध झाला. थांबा. कँपेनियन हा साधारण १ कोटी १५ लाख वर्षांचा आहे आणि मास्ट्रिक्टियन साधारण ६० लाखांचा, म्हणजे जवळपास अर्धा, तर आकडे वर्षांनी भागल्याशिवाय तुलना करूच नका. मग दुसरी गोष्ट बघा, ठिपके आहेत कुठे. कँपेनियनचे ठिपके कॅनडातल्या अल्बर्टात दाट जमलेले दिसतील, कारण तिथले डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कमधले थर जगातल्या सगळ्यात श्रीमंत थरांपैकी आहेत आणि शंभरावर वर्षं लोक तिथे खोदतायत. त्या काळात उत्तर अमेरिकेच्या मधोमध उथळ समुद्र पसरलेला होता, त्याच्या काठच्या सखल जमिनीवर गाळ साचत राहायचा आणि हाडं पुरली जायची. मास्ट्रिक्टियनमध्ये तो समुद्र मागे हटत गेला, गाळ साचायच्या जागा बदलल्या, आणि जो खडक तयार झाला त्यातलाही बराच आज झाडीखाली किंवा नव्या थरांखाली झाकलेला आहे. म्हणजे नोंदी कमी झाल्या त्याला प्राणी जबाबदार आहेत की खडक, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

मोठे अभ्यास यावरच भांडतात. २०१६ मध्ये मानाबू साकामोटो आणि सहकाऱ्यांनी वंशवृक्षावरून हिशोब करून मांडलं की नव्या जाती तयार व्हायचा वेग उल्केच्या कितीतरी आधीपासून मंदावलेला होता. २०२१ मध्ये फाबियाँ काँदामीन आणि सहकाऱ्यांनी सहा कुळं घेऊन ७ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपासून घसरण असल्याचं म्हटलं. मग २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ८,००० जीवाश्मांच्या नोंदींवर वेगळ्या पद्धतीने काम झालं, जीवाश्म "असण्याची" शक्यता आणि तो "सापडण्याची" शक्यता वेगवेगळी काढून, आणि निघालं असं की डायनासोरांना राहायला जागा स्थिर होती, सापडायची शक्यता मात्र घसरलेली. त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या एका थराचं वय नव्याने ठरवलं गेलं आणि तिथले डायनासोर, ज्यात अलामोसॉरससारखे अजस्र लांबमाने आहेत, रेघेच्या आधीच्या शेवटच्या तीन-साडेतीन लाख वर्षांतले निघाले, शिवाय उत्तरेकडच्या हेल क्रीकच्या प्राण्यांपेक्षा वेगळे. म्हणजे शेवटपर्यंत दक्षिणेला एक प्राणीजगत आणि उत्तरेला दुसरं होतं.

माझं मत विचाराल तर पुरावा अचानक शेवटाच्या बाजूने झुकतोय. पण एक मान्य करायला हवं, रेघेच्या अगदी लगतचे चांगले थर सगळ्यात जास्त एकाच खंडातून अभ्यासले गेलेत, त्यामुळे "जगभरातले डायनासोर" असं वाक्य दिसलं की डेटा कुठला ते आधी बघायचं.

सस्तन प्राणी वाचायचे म्हणजे दात वाचायचे

डायनासोरांचं हाड चालता चालता पायाखाली दिसतं, त्या काळातल्या बहुतेक सस्तन प्राण्यांचा दात मात्र तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. तो शोधायची पद्धत वेगळी. पोतीच्या पोती माती आणायची, पाण्यात भिजवायची, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवायची, उरलेला चुरा वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली कण कण निवडत बसायचं. म्हणून एखाद्या ठिकाणी "सस्तन प्राणी नाहीत" असं वाचलं की विचारा, तिथे माती चाळली होती का? चाळली नसेल तर त्या "नाहीत"ला काही अर्थ नाही.

दात सस्तन प्राण्याचा हे कसं ओळखायचं? दाढेला बहुधा दोन किंवा जास्त मुळं असतात, वरच्या बाजूला ठरावीक मांडणीचे उंचवटे असतात आणि वरच्या-खालच्या दाढा एकमेकींत नेमक्या बसतात. डायनासोरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, म्हणून ते ढिगाने मिळतात. सस्तन प्राण्याला दातांचे दोनच संच. नुसते दात मोजून "इथे डायनासोर जास्त, सस्तन कमी" असा निष्कर्ष काढू नका याचं हे एक मोठं कारण. जबडा मिळाला तर अजून सोपं, सस्तन प्राण्याचा खालचा जबडा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा असतो.

आता "सगळे उंदराएवढे आणि घाबरून लपलेले" हे चित्र तपासा. चीनच्या लिआओनिंगमध्ये साधारण १२.५ कोटी वर्षं जुना रेपेनोमामस मिळाला, त्याची मोठी जात मीटरभर लांब आणि १२ ते १४ किलोची, आणि धाकट्या जातीच्या, २००५ मध्ये जाहीर झालेल्या एका सांगाड्यात पोटाच्या जागी सिटाकोसॉरस डायनासोरच्या पिल्लाची हाडं होती. चीनमध्येच साधारण १६.४ कोटी वर्षांपूर्वीचा चपट्या शेपटीचा पोहणारा कॅस्टोरोकॉडा, सस्तनांचा जवळचा नातलग, मिळालाय. म्हणजे डायनासोरांच्या काळातच सस्तन प्राणी आणि त्यांचे नातलग पोहत होते, झाडावरून तरंगत उडत होते, बिळं खणत होते. आणि उल्केच्या तडाख्यातून ते सुखरूप सुटले असंही नाही, उत्तर अमेरिकेत आजच्या पोटपिशवीवाल्यांच्या नातलगांचा जवळपास सफाया झाला. "उदय" हा शब्द वाचाल तेव्हा मनात धरा की तो वाचलेल्या मूठभरांचा उदय आहे.

एक ठिकाण शेवटपर्यंत वाचून बघा: कोरल ब्लफ्स

सराव करायला याच्याइतकं चांगलं ठिकाण मला माहीत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचे हे कडे, वर्षानुवर्षं तिथे जीवाश्म फार थोडे मिळायचे. २०१६ मध्ये लायसन यांनी उघडं हाड शोधायचं सोडून दगडी गोटे फोडायला सुरुवात केली, आणि त्या गोट्यांच्या आत कवट्या निघाल्या, पूर्ण कवट्या. २०१९ मध्ये त्यांनी आणि वनस्पतींचे जीवाश्म बघणारे इयान मिलर आणि त्यांच्या टीमने सगळं जाहीर केलं.

वर सांगितलेले प्रश्न इथे लावून बघा. रेघ कुठाय? परागकण, खडकांतली चुंबकीय दिशा आणि राखेच्या थराचं वय, तिन्ही जुळवून काळ बसवलाय. जीवाश्म जागेवरचे आहेत का? गोट्यांत बंद आहेत, झिजलेले सुटे दात नाहीत. मग आकार बघा. रेघेच्या आधी तिथले मोठे सस्तन साधारण ८ किलोचे, रेघेच्या लगेच नंतर उरलेले अर्ध्या किलोच्या आसपासचे. साधारण १ लाख वर्षांत पुन्हा ६ किलोपर्यंत, ३ लाख वर्षांत कार्सिओप्टिकससारखे २५ किलोच्या घरातले, आणि ७ लाख वर्षांत इओकोनोडॉन आणि टेनिओलॅबिस ३० ते ५० किलोचे. आणि सोबत झाडं बघा, हे मला सगळ्यात भारी वाटतं, आधी नेचे, मग ताडवर्गाची झाडं, ३ लाखांच्या आसपास अक्रोडाच्या कुळातली झाडं वाढली, ७ लाखांच्या सुमाराला शेंगा आल्या, आणि प्राण्यांच्या आकारातल्या उड्या या खाण्याच्या बदलांबरोबर पडताना दिसतात. डायनासोर गेले आणि जागा रिकामी झाली एवढ्यावर काम भागलं नाही, खायलाही यावं लागलं.

मर्यादाही लिहून ठेवा: हे एकाच खोऱ्यातलं चित्र आहे.

आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याला एक मोठी सोय आहे, दख्खनचा लाव्हा नेमका याच काळातला. आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे आणि बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसतो ना, तो दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेला. त्या लाल थरांत राखेबरोबर आलेले झिरकॉनचे स्फटिक मिळतात आणि त्यांवरून उद्रेकांची वयं काढतात. २०१९ मध्ये दोन गटांनी दोन पद्धतींनी वयं काढली. झिरकॉनवाल्यांना एक मोठा झोत रेघेच्या थोडा आधी दिसला, थेट बेसॉल्टचं वय काढणाऱ्यांना उद्रेक जास्त सलग आणि मोठा भाग रेघेनंतरचा दिसला. म्हणून "डायनासोर ज्वालामुखीने मेले" असं वाचलं की लाव्ह्याचा कोणता भाग कधीचा आणि वय कोणत्या पद्धतीने काढलं हे विचारा.

लाव्ह्याच्या खालचे गाळाचे थर म्हणजे लॅमेटा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही त्याची नावाजलेली ठिकाणं, डोंगरगावचा लांबमान्या म्हणजे इसिसॉरस, आणि पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या शेणात २००५ मध्ये गवताचे सिलिकाचे बारीक कण मिळाले, म्हणजे डायनासोरांच्या काळात गवत होतं हे विदर्भातल्या मातीने सांगितलं. दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्यांच्या गाळातून, हैदराबादजवळच्या नस्कल इथून, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टिस हा छोटा सस्तन प्राणी जाहीर केला, चाळणीने मिळवलेल्या दातांवरून. त्याच्या जातीचं नाव हिस्लोपी, नागपूरचे जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लोप यांच्यावरून.

इथे सावध राहा, लाव्ह्यांच्या मधले सगळे थर एकाच वयाचे नाहीत. नस्कल रेघेच्या आधीचं मानतात, मुंबईत वरळीचे बेडूक मिळाले ते थर रेघेनंतरचे, आणि मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवरून रेघेच्या लगेच नंतरचा काळ ओळखता आला. "इंटरट्रॅपियन जीवाश्म" (म्हणजे लाव्ह्यांच्या मधल्या थरातला) एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून आधी की नंतर काहीच कळत नाही, गावाचं नाव शोधा.

अजून मागे जायचं तर गडचिरोलीत सिरोंचाजवळच्या वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा नावाच्या ज्युरासिक थरात बारापासॉरससारखा अवाढव्य डायनासोर आणि कोटाथेरियम हा इवलासा सस्तन, दोघांचेही अवशेष मिळालेत. बारापासॉरसचा उभा सांगाडा कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला अंडी आणि हाडं जागेवरच बघता येतात.

फिरताना शेतात किंवा नाल्यात हाडासारखा दगड दिसला तर उचलू नका, खणू तर अजिबातच नका, कारण थरातून निघालेला जीवाश्म म्हणजे रेघेचा पत्ता हरवलेला जीवाश्म. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, एक जवळून, एक लांबून आजूबाजूचे थर दिसतील असा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, दगड जागेवर पक्का आहे की वरून घरंगळलेला ते लिहा, शेतमालकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि ही सगळी माहिती नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला किंवा जवळच्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागाला पाठवा.